सरकारी खर्चाने परदेशगमन : निवडीतील न्यायाचा प्रश्न

परदेशी उच्च शिक्षणासाठी सरकारी द्रव्य कोणास द्यावे, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा निवडीच्या पद्धतीपाशी येऊन थांबते. परीक्षा घ्यावी की मुलाखत, गुण पाहावेत की घरची परिस्थिती, एवढाच वाद असल्यासारखे आपण बोलतो. परंतु या शिष्यवृत्त्यांचा पूर्वेतिहास चाळला असता असे दिसते, की अन्याय निवडीच्या दारात जितका होतो तितकाच तो त्या दाराच्या अलीकडे आणि पलीकडेही होतो. प्रस्तुत टिपणात या दृष्टीने काही प्रसंगांचा विचार करावयाचा आहे.

आरंभ १८६८ पासून करणे सोयीचे आहे. त्या वर्षी व्हाइसरॉय सर जॉन लॉरेन्स यांच्या सरकारने हिंदी विद्यार्थ्यांनी विलायतेस जाऊन शिक्षण पुरे करावे यासाठी दरसाल २०० पौंडांच्या नऊ शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्यांपैकी काही स्पर्धेने आणि काही नेमणुकीने द्यावयाच्या होत्या. ही दुहेरी योजना सरकारच्या मनातील द्विधा उघड करते. स्पर्धा ठेवली तर बुद्धिमान परंतु 'घराणे नसलेले' तरुण पुढे येतील, ही भीती. आणि केवळ नेमणूक ठेवली तर पक्षपाताचा आरोप येईल, ही जाणीव. हा पेच सुटण्यापूर्वीच योजना संपली. नवे भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी ती पुढच्याच वर्षी थांबविली. हिंदी लोकांना लंडनच्या परीक्षेवाचून वरिष्ठ जागा देणारा कायदा होणार असल्याने तिची आवश्यकता नाही, अशी भूमिका घेण्यात आली. तो कायदा १८७० मध्ये झाला, पण त्याखालील नियम १८७९ पर्यंत अमलात आले नाहीत. दादाभाई नौरोजी यांनी या प्रकरणाचा उल्लेख वारंवार केला तो उगाच नव्हे. हाती असलेली लहान गोष्ट काढून घ्यावयाची आणि तिच्या जागी मोठ्या गोष्टीचे वचन द्यावयाचे, ही राज्यकारभाराची रीत त्यांनी नेमकी ओळखली होती.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. १८६९ मध्ये सिव्हिल सर्व्हिसच्या लंडन येथील परीक्षेत चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले : रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातील श्रीपाद बाबाजी ठाकूर. शेवटच्या दोघांची नावे वयाच्या कारणावरून कमी करण्यात आली. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगण्याची रीत आहे, पुरी झालेली वर्षे मोजण्याची नाही, एवढ्यावरून हा घोटाळा झाला होता. पुढे दोघांनाही न्याय मिळाला. उघड स्पर्धा हीच निःपक्षपाताची कसोटी मानणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. परीक्षेतील गुणांविषयी कोणताही वाद नव्हता. वाद होता तो आयुष्याची वर्षे कोणाच्या रीतीने मोजावयाची याविषयी.

गुणांवर आधारलेली निवड प्रामाणिकपणे चालली की तिचे फळ काय मिळते, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. कोकणातील मुर्डी गावी जन्मलेला हा विद्यार्थी हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर १८९६ मध्ये केंब्रिजला गेला आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत बरोबरीने सीनियर रँग्लर ठरला. परत येऊन त्यांनी सरकारी नोकरी न पत्करता फर्ग्युसन महाविद्यालयाचे काम स्वीकारले. सरकारच्या पैशाने शिकून लोकांच्या संस्थेची सेवा करता आली, हे त्या शिष्यवृत्तीचे औदार्यच म्हटले पाहिजे. परंतु याच उदाहरणात दुसरीही एक गोष्ट आहे. मुर्डीच्या मुलाला परीक्षेच्या दारापर्यंत आणले ते त्याचे आतेबंधू धोंडो केशव कर्वे यांनी. गुणवत्ता परांजप्यांची होती यात संशय नाही. पण ती गुणपत्रिकेवर उमटण्यासाठी घरात आधीच शिकलेला एक माणूस असावा लागला.

ज्याच्या घरात, आळीत किंवा जातीत असा माणूस नव्हता, त्याचे काय? भीमराव रामजी आंबेडकर १९०७ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. केवळ गुणांची यादी लावून परदेशी शिष्यवृत्ती द्यावयाची असती, तर त्या यादीत हे नाव वर येण्याचा संभव नव्हता. त्यांचे नाव बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत पोहोचविले कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी. त्यातून प्रथम दरमहा २५ रुपयांची मदत मिळाली आणि बी. ए. झाल्यावर १९१३ मध्ये अमेरिकेस जाण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती. आजच्या बोलीत यास वशिलाच म्हणावे लागेल. न परीक्षा, न जाहिरात. एका सहृदय शिक्षकाचा शब्द आणि एका राजाची मर्जी. तरीही अधिक न्याय्य निवड त्या काळात दुसरी झाली असेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. हा निष्कर्ष गैरसोयीचा आहे. नियमाने जे साधले नसते ते मर्जीने साधले. पण ती मर्जी सयाजीरावांची होती म्हणून साधले, आणि तसा राजा प्रत्येक संस्थानात नव्हता.

निवड न्याय्य होती म्हणून सर्वच न्याय्य झाले असे मात्र नव्हे. करारानुसार शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करणे बंधनकारक होते. (याच सुमाराच्या एका खासगी योजनेतील अट नेमकी उलटी होती : श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये जाहीर केलेल्या वृत्तींत इंग्रज सरकारची नोकरी करावयाची नाही, असे बंधन होते. देणारा कोणीही असो, तो घेणाऱ्याच्या पुढील आयुष्यावर हक्क सांगतोच.) आंबेडकर १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला गेले, तेथील अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करार पाळण्यासाठी ते बडोद्यास गेले. महाराजांच्या लष्करी चिटणिसाची जागा मिळाली, पण राहावयास घर मिळेना. नाव बदलून एका पारशी वसतिगृहात काढलेले काही दिवस, तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने केलेली हकालपट्टी, आणि शहरात कोणीही आसरा न देणे, ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. संस्थानाने त्यांच्यावर तीन-चार वर्षे खर्च केला, परंतु त्यांना त्याच शहरात एक खोली देवविण्याची तजवीज त्या संस्थानाच्या यंत्रणेत नव्हती. अपुरा राहिलेला लंडनचा अभ्यास त्यांनी १९२० मध्ये पुन्हा सुरू केला तो सिडनम महाविद्यालयातील पगारातून शिलकीस टाकलेल्या पैशावर आणि शाहू महाराज व मित्र नवल भथेना यांच्या साह्यावर. बडोदे सरकारने पुढे दिलेल्या रकमेची परतफेडही मागितली. कराराच्या शब्दाप्रमाणे ती मागणी बिनचूक असेल. करार मोडला कोणी, हा प्रश्न मात्र त्या हिशेबात कोठेच येत नाही.

परतल्यानंतरच्या स्थितीचा विचार सरकारला तोवर सुचलाच नव्हता असे नाही. १९०४ मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक शिष्यवृत्त्यांची चौकशी करण्यासाठी थिओडोर मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि विलायतेतील कारखान्यांत हिंदी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम शिकण्यास वाव मिळत नाही, ही अडचण तिच्यापुढे आली होती. शिष्यवृत्ती होती, विद्यार्थी होता. कारखान्याचे दार तेवढे बंद होते.

मर्जीचे रूपांतर नियमात करण्याचे काम अखेर ज्याने मर्जीचा लाभ आणि तिच्या मर्यादा दोन्ही अनुभवल्या होत्या त्यानेच केले, ही गोष्ट लक्षणीय आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात परदेशी शिक्षणासाठीही तरतूद मागितली होती. त्यानंतर या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरसाल ३ लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मंजूर झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची परदेश-शिष्यवृत्ती योजना चालू झाली आणि महाराष्ट्रात २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची.

नियम झाला म्हणजे त्याच्या कलमांची लढाई सुरू होते. उत्पन्नाची मर्यादा किती असावी आणि ती कोणासाठी शिथिल करावी, हा त्यातील नेहमीचा वाद. विषयाचा वाद मात्र अधिक खोल जाणारा आहे. २०२२-२३ या वर्षासाठी केंद्रीय योजनेची जी सुधारित नियमावली निघाली, तिच्यात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. असे संशोधन देशातच करता येते, असे त्याचे समर्थन करण्यात आले. अर्जदाराचे गुण, जात, उत्पन्न हे सारे नियमात बसले, तरी त्याने काय विचारावयाचे हे देणाऱ्याने ठरविले. सयाजीरावांच्या द्रव्यावर गेलेल्या विद्यार्थ्याने कोलंबिया विद्यापीठात १९१५ मध्ये एम. ए.साठी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला, आणि ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात जो निबंध वाचला त्याचा विषय भारतातील जातिसंस्थेची घडण व उत्पत्ती हा होता.