यशवंतची आई

३ जानेवारी आली की गावोगावच्या शाळांत सावित्रीबाईंची जयंती होते. लहान लहान मुली लुगडी नेसून, आडवं कुंकू लावून भाषणाला उभ्या राहतात. भाषण बहुतेक ठिकाणी एकच. १८४८ साल, पुण्याचा भिडेवाडा, शाळेत जाताना अंगावर आलेलं शेण आणि चिखल, पिशवीतलं दुसरं लुगडं. टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो, कार्यक्रम संपतो. आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या, त्या रस्त्यावरच उभ्या राहतात.

त्या पुढं जवळजवळ पन्नास वर्षं जगल्या. नायगावला १८३१ साली जन्मल्या आणि १८९७ साली गेल्या. त्या पन्नास वर्षांत त्यांनी शाळा चालवल्या, ‘काव्यफुले’ नावाचा कवितासंग्रह १८५४ साली छापला, सत्यशोधक समाजाचं काम पाहिलं. हे सगळं पुस्तकात मिळेल. मला आज बोलायचंय ते आई म्हणून त्या कशा होत्या त्याबद्दल. कारण त्यांना स्वतःच्या पोटचं मूल नव्हतं.

बचत गटाच्या कामात मला सतत फॉर्म भरून घ्यावे लागतात. त्यात एक रकाना असतो, मुले किती. मागच्या सात-आठ वर्षांत मी एक गोष्ट पाहिली आहे. ज्या बाईला मूल नाही, ती त्या रकान्याशी आली की आवाज खाली आणते. कुणी ‘निरंक’ म्हणतं, कुणी नुसती मान हलवतं. डोहाळजेवणाला तिला बोलवायचं की नाही यावर घरात कुजबुज होते, ओटी भरायला तिला पुढं करत नाहीत. अहो, आज ही स्थिती, तर दीडशे वर्षांपूर्वी काय असेल!

फुल्यांच्या घरातही तेच झालं. जोतीरावांनी दुसरी बायको करावी म्हणून नातेवाईक मागं लागले. त्यांनी नकार दिला. मूल होत नाही म्हणून पुरुषानं दुसरी आणायची, तर मग दोष पुरुषात असेल तेव्हा बाईनं दुसरा नवरा करायचा का, असा त्यांचा उलटा सवाल होता. विषय तिथं मिटला.

पण मूल या विषयानं त्यांच्या घराचं दार वेगळ्याच बाजूनं वाजवलं. जोतीरावांचे एक मित्र होते, सदाशिव बल्लाळ गोवंडे. त्यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्यानं तिला फसवलं, दिवस गेले. पोट पाडायचे उपाय करून झाले, उपयोग झाला नाही. बाळ जन्मलं तेव्हा तिनं भीतीनं त्याला मारून विहिरीत टाकलं. खटला चालला आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तो शास्त्री मोकळाच राहिला.

त्या काळी ब्राह्मण घरांत आठ-दहा वर्षांच्या मुली विधवा व्हायच्या. पुनर्विवाह नाही, केस उतरवलेले, राबायचं सगळ्या घरासाठी. घरातल्याच कुणाची नजर वाईट झाली तर तिनं जायचं कुठं? १८६३ साली फुले पतिपत्नींनी आपल्याच घरात अशा बायकांसाठी बाळंतपणाची सोय केली. बालहत्या प्रतिबंधक गृह ते हेच. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्यांनी छापील जाहिराती चिकटवल्या. मतलब असा, की इथं येऊन गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, ठेवायचं तर ठेवा. रस्त्यावर भिंतीला चिकटवलेला कागद! छापला जोतीरावांनी, पण बाळंतपण कोण करणार होतं? बाळंतिणीची न्हाणी, शेक, धुरी, दुपटी धुणं, रात्री उठणं, हे सगळं पडलं सावित्रीबाईंच्या अंगावर. ज्या हातांनी फळ्यावर अक्षरं गिरवून घेतली, त्याच हातांनी.

या घरात काय घडलं त्याचा हिशेब जोतीरावांनी १८८४ साली एका सरकारी चर्चेसाठी दिलेल्या लेखी मतात आहे. तोवर पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या होत्या. त्यातली मुलं जगली पाच. बाकीची का गेली तेही त्यांनी लिहिलंय. लाज लपवायला त्या बायकांनी आधीच जी विषारी औषधं पोटात घेतलेली असायची, त्यांनी बाळं आतच इजा होऊन जन्माला येत. पस्तीसमधली तीस. मैत्रिणींनो, हा आकडा वाचून मी वही बाजूला ठेवली होती. आपण जयंतीला शेणाची गोष्ट सांगतो, ती खरीच आहे. पण शेण धुतलं की जातं. तीस बाळं आपल्या हातात जाताना पाहून एकतिसाव्या बाईला दार उघडायचं, हे मला जास्त अवघड वाटतं.

त्या घरी आलेली अशीच एक दुसरी विधवा, तिचंही नाव काशीबाई. तिचं बाळंतपण सावित्रीबाईंनी केलं. मुलगा झाला आणि तो जगला. १८७४ साली फुल्यांनी त्याला दत्तक घेतलं. नाव यशवंत. माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवेचं मूल, जातीनं कुठल्या खान्यात बसवायचं ते कुणालाच कळेना. सावित्रीबाईंना ते बसवायचंच नव्हतं. त्यांनी त्याला शिकवलं, डॉक्टर केलं.

त्याच्या लग्नाची गोष्ट मला फार आवडते. अशा मुलाला मुलगी कोण देणार? सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे यांनी आपली राधा दिली. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीनं लग्न लागलं. पण त्याआधीच सावित्रीबाईंनी राधाला आपल्या घरी आणून ठेवलं होतं. मुलामुलीची ओळख व्हावी आणि तिचं शिक्षणही व्हावं म्हणून. म्हणजे सासू आधी मास्तरीण झाली, मग सासू. आपल्यातल्या किती सासवा सुनेला पुस्तक हातात देतात, ते ज्याचं त्यानं बघावं.

आणखी एक गोष्ट आपल्या कामाची. जोतीरावांनी १८८७ साली रीतसर मृत्युपत्र केलं आणि यशवंतला वारस ठरवलं. कागद होता. तरी २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव वारले तेव्हा अंत्ययात्रेत भाऊबंद आडवे आले. पुढं टिटवं कुणी धरायचं? दत्तकाला हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. टिटवं धरणारा तो वारस, म्हणजे भांडण मडक्याचं नव्हतं, घराचं होतं. सावित्रीबाई पुढं झाल्या आणि टिटवं त्यांनी स्वतः धरलं. प्रेतापुढं बाई चालते, हे पुण्यानं पाहिलं.

आता थोडं आजचं. गटात मला दबक्या आवाजात विचारलं जातं म्हणून सांगते. अडचणीत सापडलेल्या आईला बाळ सांभाळणं शक्य नसेल, तर ती ते बाल कल्याण समितीकडे कायदेशीरपणे सोपवू शकते. तिचं नाव गुप्त ठेवलं जातं. दोन महिन्यांच्या आत तिचं मन बदललं तर बाळ परत मागता येतं. कुठं विचारायचं कळत नसेल तर १०९८ हा फुकटचा नंबर आहे. दत्तक घ्यायचं असेल तरी ते कायद्यानंच, नाव नोंदवून. एकट्या बाईलाही घेता येतं. दवाखान्यातून परस्पर, नात्यातल्या कुणाच्या ओळखीनं, पैसे देऊन बाळ आणणं हा गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. यशवंत तेव्हा लष्करात डॉक्टर होता. आईनं त्याला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावाबाहेर, दोघांनी दवाखाना उघडला. राधा आधीच वारली होती, त्यामुळं घरात ही दोघंच. लोक रोग्याच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. सावित्रीबाई वयाच्या सहासष्टाव्या वर्षी रोगी आणायला जात. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या मुलाला गाठ आल्याचं कळलं. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यापर्यंत चालत आणलं.

पांडुरंग बरा झाला. सावित्रीबाईंना मात्र प्लेगनं धरलं. १० मार्चच्या रात्री, त्यांनी वाढवलेल्या, शिकवलेल्या मुलाच्या दवाखान्यात त्या गेल्या.