परकीयांच्या अपिलांचा विलायती इतिहास

एकदां दिलेला निवाडा दुसऱ्यानें पुन्हा तपासावा, ही कल्पना आमच्या धर्मशास्त्रास नवी नाहीं. चुकीचे निवाडे राजानें पुन्हा पाहावे आणि सभ्यांस, जिंकलेल्या पक्षासह, दुप्पट दंड करावा, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. इंग्लंडांत आश्रयास येणाऱ्या परकीयांस हा पुनर्न्याय कसा मिळत गेला हें पाहतां एक गोष्ट ध्यानांत येते: अपिलाच्या पायऱ्या किती, यापेक्षां तपासणारा कोणीं नेमलेला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

इ. स. १९०५ च्या परकीयांविषयींच्या कायद्यानें अनिष्ट उतारूंस मनाई करण्याचा अधिकार बंदरावरील अंमलदारास दिला, व त्याविरुद्ध अपील ऐकण्यास तीन-तीन सभासदांचीं मंडळें निर्माण केलीं. धर्म वा राजकारण यांपायीं होणारा छळ चुकविण्यास आलेल्या माणसास केवळ निर्धनतेमुळें परत लावूं नये, असेंही त्यांत होतें. पण पळून आलेल्यापाशीं छळाचा लेखी पुरावा कोठून असणार? म्हणून १९०६ सालीं गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनीं, संशयाचा फायदा अशा माणसास द्यावा, असें मंडळांस कळविलें. १९१४ सालीं महायुद्ध सुरू होतांच ही व्यवस्था बंद पडली, आणि १९१९ च्या कायद्यानें युद्धकालीन अधिकार शांततेंतही चालू ठेविले.

अपिलाची व्यवस्था पुन्हा उभी राहण्यास १९६९ साल उजाडलें. त्या वर्षाच्या कायद्यानें खालीं निर्णायक व वर न्यायाधिकरण अशा दोन पायऱ्या झाल्या. तथापि निर्णायकांस नेमणारे गृहमंत्रीच. म्हणजे ज्या खात्याच्या हुकुमाविरुद्ध तक्रार, त्याच खात्यानें नेमलेला न्यायकर्ता! ही नेमणूक १९८७ सालीं लॉर्ड चॅन्सेलरकडे गेली. १९९३ च्या कायद्यानें आश्रयार्थ्यास परत धाडण्यापूर्वीं अपिलाचा हक्क दिला. पुढें २००५ सालीं दोन पायऱ्यांची एक झाली, २०१० सालीं एकीच्या पुन्हा दोन झाल्या.

तुंबलेलीं अपिलें लवकर निकालांत निघावीं म्हणून २०२५ सालीं तेथील सरकारनें नवें स्वतंत्र मंडळ स्थापण्याचा मनोदय जाहीर केला. विलंब हाही अन्यायच, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या मंडळाची परीक्षा वेगापेक्षां त्याच्या स्वातंत्र्यावरून व्हावी. सनद गहाळ झाली एवढ्यावरून वतन खोटें ठरत नाहीं, हें दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. जीव मुठींत धरून पळालेल्या माणसाची कैफियत तपासणाऱ्यानेंही तें विसरूं नये.