पंचेचाळीस पट आणि एक निरोप

जानेवारी १९४७. तुम्ही ब्राझीलमधल्या साओ पाउलोत आहात. समोर बुद्धिबळाचे ४५ पट मांडलेत आणि प्रत्येकावर एक प्रतिस्पर्धी बसलाय. या सगळ्यांशी एकटा खेळणारा माणूस मात्र एकाही पटाकडे बघू शकत नाही. पटाचा क्रमांक आणि समोरच्याची चाल त्याला ऐकवतात. तो आपली चाल सांगतो, की लगेच पुढचा पट.

जरा हिशेब करा. सुरुवातीला १,४४० मोहरी, २,८८० घरं, आणि दर चालीला बदलणारं चित्र. तुम्ही डोळे मिटून एकच डाव धरून ठेवायला बघता. थोड्याच चालींत घोडा नक्की कुठल्या घरात होता, याचा घोळ सुरू होतो. कारण तुम्ही सुटी मोहरी आठवता. त्याला आकृती दिसते. किल्लेकोटातला राजा, बाजूचा हत्ती, पुढची तीन प्यादी हे त्याच्या लेखी मिळून एकच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३मध्ये हे प्रयोगातून दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंदच दाखवली, तरी मुरलेला खेळाडू नवख्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरी जागेवर ठेवतो. तीच मोहरी कशीही विखरून ठेवली, की त्याची ही आघाडी जवळजवळ संपते.

मध्यरात्र उलटते. दमलेले प्रतिस्पर्धी उठतात, त्यांच्या जागी ताजेतवाने येऊन बसतात. त्याच्या जागी बसणारं कुणी नाही.

हा मिगेल नायडॉर्फ, वय ३६. १९३९मध्ये बुद्धिबळ ऑलिम्पियाडसाठी पोलंडच्या संघातून ब्वेनोस आइरेसला आला. स्पर्धा चालू असतानाच हिटलरने पोलंडवर हल्ला केला, आणि ज्यू असलेला नायडॉर्फ अर्जेंटिनातच राहिला. बायको, लेकरू, आईवडील, भाऊ सगळे तिकडे. पट न बघता इतके डाव खेळायचे ते कशासाठी, हे पुढे त्यानेच सांगितलं: करमणुकीसाठी नव्हे. विक्रमाची बातमी युरोपात छापून आली, तर घरचं कुणी हयात असल्यास ती वाचेल आणि आपल्याला गाठेल, ही त्याची आशा होती. १९४३मध्ये रोझारिओत तो असाच ४० पटांवर खेळला होता. तुम्ही पुन्हा त्याच्याकडे बघा. प्रत्येक चाल म्हणजे घरी धाडलेला निरोप आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जवळपास साडेतेवीस तासांनी, शेवटचा डाव संपतो. ३९ विजय, ४ बरोबरी, २ हार. नवा जागतिक विक्रम. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता, ती बायको, ते लेकरू, आईवडील आणि भाऊ नाझींच्या संहारात आधीच मारले गेले होते.

पुढे २०११मध्ये जर्मनीचा मार्क लांग असाच न बघता ४६ पटांवर खेळला, २०१६मध्ये तिमूर गारेयेव ४८. सिसिलियन बचावातली, त्याच्याच नावाची नायडॉर्फ पद्धत आपल्याकडे क्लासला जाणारी मुलंही शिकतात. ती शिकवणाऱ्यांनी या रात्रीसाठी दहा मिनिटं जरूर काढावीत.