तात्या विंचू आला, लक्ष्या नाही

गेल्या शनिवारी गावी होतो, कनेरगाव नाक्याला. (हिंगोलीहून वाशिमला जाताना लागतं ते. एकेकाळी अलीकडे निजामाचं राज्य अन् पलीकडे वऱ्हाड.) पाऊस, लाईट गेलेली, आणि भाच्याने मोबाइलवर 'झपाटलेला २' लावला.

महेश कोठारेंचे तीन भूतपट मी त्रयी धरतो: 'झपाटलेला' (१९९३), 'पछाडलेला' (२००४), 'झपाटलेला २' (२०१३). कागदोपत्री तशी ती नाही, मधल्याची गोष्टच वेगळी. पण तिन्हींत मेल्यावरही छळणारा माणूस एकच, दिलीप प्रभावळकर!

पहिला आम्ही गणपतीत भाड्याच्या व्हिडिओवर पाहिला. नंतर कितीतरी रात्री मी बहिणीची बाहुली पेटीत कोंडून झोपायचो. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या इंग्रजी सिनेमावरून कल्पना उचललीय, हे इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर कळलं, तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. तिकडचा चकी दुकानात मिळणारं खेळणं. आपला तात्या विंचू मात्र बोलका बाहुला, रामदास पाध्यांनी बनवलेला. पाध्यांच्या वडिलांपासून चालत आलेला अर्धवटराव मराठी घरांत ओळखीचा होताच. बाहुला बोलतो तेव्हा खरं बोलतं कोण, हे आपल्याला पक्कं माहीत होतं. कोठारेंनी तोच भरवसा काढून घेतला. लक्ष्याला शब्दभ्रमाचा नाद, त्यामुळे तो जीव तोडून सांगतो की बाहुला आपणहून बोलतोय, तर लोकांना वाटतं ह्याचीच कला! स्वतःच्या धंद्यामुळे खोटा ठरणारा माणूस. याहून भीतिदायक काय असणार?

'पछाडलेला'त लक्ष्मीकांत बेर्डे होते. त्याच वर्षी, १६ डिसेंबर २००४ ला ते गेले.

मग २०१३. पुण्यात मल्टिप्लेक्सात थ्रीडी चष्मा लावून बसलो. तात्या अंगावर येतो, आवाज तोच, कोठारेंचा इन्स्पेक्टर तोच. गोष्ट लक्ष्याच्या मुलाची, भूमिकेत आदिनाथ कोठारे. काम बरं करतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण मी एकदाही दचकलो नाही. थ्रीडीने बाहुला जवळ आणला, त्याला घाबरणारा चेहरा कुठून आणणार? आम्ही पोरं बाहुल्याकडे बघून भ्यायलोच नव्हतो बहुतेक. लक्ष्याचे डोळे बघून भ्यायलो होतो, आणि दुसऱ्या क्षणी त्याच डोळ्यांना हसलो होतो.

असो. भाचा शेवटपर्यंत खिदळत होता. मग मी त्याला पहिला लावून दिला. अर्ध्या तासाने तो सरकत सरकत माझ्या मांडीशी आला.

"मामा, हा लक्ष्या दुसऱ्यात काहून नाही?"

मी सांगितलं.

"मंग पहिलाच लाव ना पुन्हा."

बॅटरी सात टक्के होती. लावला.