राहिलेले विषय

18 जुलै 1857 रोजी स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे होते. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टनसारख्या महाविद्यालयांकडे; विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायच्या, उत्तरपत्रिका तपासायच्या आणि पदव्या द्यायच्या. विद्यार्थ्याने वर्षभर काय वाचले, काय लिहिले, याच्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. म्हणून नापास झालेल्याला 'हे एवढे सुधारून आण' असे सांगण्याची सोयच या रचनेत नव्हती. एक विषय गेला की परीक्षा गेली. बाकीच्या विषयांत मिळवलेले गुणही त्याबरोबर बुडत आणि पुढच्या खेपेस फी भरून पुन्हा सगळ्या विषयांना बसावे लागे. 1862 साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे मुंबईचे पहिले पदवीधर झाले, ते या चाळणीतून.

ही चाळणी किती बारीक होती, याची कल्पना कोलकात्यावरून येते. तिथे 1858 च्या पहिल्या बी.ए. परीक्षेत बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस हे दोघेच उत्तीर्ण ठरले, आणि तेही एका विषयात कमी पडलेले गुण सिंडिकेटने कृपेने भरून दिल्यामुळे. ग्रेस गुणांची प्रथा या देशातल्या पदवीइतकीच जुनी आहे.

ज्यांच्या वाट्याला अशी कृपा आली नाही, त्यांत श्रीनिवास रामानुजन होते. गणितात असामान्य असलेला हा विद्यार्थी इतर विषयांत मागे पडल्यामुळे मद्रासच्या एफ.ए. परीक्षेत 1906 आणि 1907 अशा दोन्ही साली नापास झाला आणि पदवीचा रस्ता तिथेच बंद झाला. गणितातले त्याचे गुण कोणत्याही खाती जमा झाले नाहीत. पुढे 1916 मध्ये केंब्रिजने त्यांना पदवी दिली, ती संशोधनाच्या बळावर.

खुद्द लंडनमध्ये मात्र निदान संधी लवकर मिळत असे. तिथली मॅट्रिक सहा महिन्यांनी होई. बॅरिस्टरीसाठी गेलेले मोहनदास गांधी पहिल्या खेपेस लॅटिनमध्ये अडकले. दुसऱ्या खेपेस त्यांनी लॅटिनचा कसून अभ्यास केला, जड गेलेले रसायनशास्त्र सोडून दुसरा विज्ञान विषय घेतला आणि 1890 मध्ये ते उत्तीर्ण झाले.

परत आलेले काम सुधारून पुन्हा सादर करण्याचे सर्वांत मोठे उदाहरणही लंडनचेच आहे, आणि ते मुंबईत लिहून पुरे झाले. भीमराव रामजी आंबेडकर यांनी 1922 च्या ऑक्टोबरमध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डी.एस्सी.साठी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध सादर केला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, आहे त्या रूपात तो स्वीकारता येणार नाही, असे परीक्षकांनी कळवले. ब्रिटिशांच्या चलनधोरणावरची त्यातली टीका परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. जवळचे पैसे संपत आले होते. लंडनमध्ये राहून नव्याने लिहिणे परवडणारे नव्हते. एप्रिलमध्ये आंबेडकर मुंबईला परतले. चरित्रकारांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांनी मांडणी बदलली, निष्कर्ष सोडले नाहीत. ऑगस्ट 1923 मध्ये प्रबंध पुन्हा लंडनला गेला आणि नोव्हेंबरमध्ये मान्य झाला. त्याच साली तो पुस्तकरूपाने निघाला. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद मोकळेपणाने नोंदवले, तरी लेखकाच्या ताज्या दृष्टीची दाद दिली.

प्रबंधाच्या बाबतीत परीक्षकाला लेखकाला उद्देशून 'इथे दुरुस्ती करा' म्हणता येते. हजारो उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना ते जमत नाही. त्यामुळे बी.ए., बी.एस्सी.च्या पातळीवर वेगळा उपाय निघाला: नापास झालेला भाग बाजूला काढायचा आणि पास झालेला जपायचा. या दृष्टीने आधी 'एक्झेम्प्शन' आले. नापास विद्यार्थ्याला एखाद्या विषयात ठरावीक पातळीच्या वर गुण असतील, तर पुढच्या खेपेस त्या विषयातून सूट मिळे. शालान्त परीक्षेला ऑक्टोबरमध्ये बसणाऱ्या कित्येकांचा भार या सवलतीने हलका केला. रामानुजनच्या काळी नेमके हेच नव्हते.

दुसरी पायरी एटीकेटीची. पदवीच्या परीक्षेला बसण्याआधी महाविद्यालयात ठरावीक सत्रे हजर राहून 'टर्म भरणे' विद्यापीठाने पहिल्यापासून सक्तीचे केले होते. नापास विद्यार्थ्याला वरच्या वर्गातली टर्म भरता येत नसे, म्हणजे एका विषयापायी अख्खे वर्ष जाई. एटीकेटीने, म्हणजे 'अलाउड टू कीप टर्म्स'ने, मर्यादित विषय राहिले असतील तर वरच्या वर्गाचे दार उघडले. राहिलेला विषय पुढच्या अभ्यासाबरोबर सोडवायचा. मर्यादा मात्र पक्की: पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याखेरीज शेवटच्या वर्षात प्रवेश नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत 'केटी लागली' आणि 'केटी सुटली' ही वाक्ये त्यामुळे रोजच्या बोलण्यात आली. लाखो मुलांचे एकेक वर्ष वाचवणारा हा नियम भारतीय परीक्षापद्धतीतला सर्वांत माणुसकीचा नियम म्हणावा लागेल.

मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत या सगळ्याच्या खुणा दिसतात. गुणांशेजारी '@' असेल तर अध्यादेश 5042 खाली ग्रेस मिळाला; '#' असेल तर अध्यादेश 229 खाली, म्हणजे एन.एस.एस., एन.सी.सी. यांसारख्या कामाबद्दल.

लेखी परीक्षेला जे जमत नव्हते, ते प्रयोगशाळेत आधीपासून चालू होते. विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सत्राअखेर जर्नल सादर करावे लागते. आलेख चुकला, निरीक्षणांचा तक्ता अपुरा राहिला की शिक्षक लाल रेघ मारून पान परत देतात. ते पुन्हा लिहून आणल्यावर सही होते. प्रमाणपत्राच्या पानावर विभागप्रमुखांची सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. 'सबमिशन'च्या आठवड्यात रात्री जागून पाने पुन्हा लिहिली जातात, ती यासाठी. त्यात पुष्कळदा मित्राचे जर्नल उतरवून काढले जाते, हा या पद्धतीतला खरा दोष. चूक समजून सुधारली तरच त्या दुसऱ्या लेखनाला अर्थ असतो.

राधाकृष्णन आयोगाने (1948–49) विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा करायची झाली तर ती परीक्षेची करावी, असे बजावले होते. मुंबई विद्यापीठाने 2011–12 पासून श्रेयांकांवर आधारलेली सत्रपद्धती आणून 60 गुण लेखी आणि 40 अंतर्गत अशी विभागणी केली. एका बाजूला पास आणि दुसऱ्या बाजूला नापास झालेल्याचे पास गुण कायम राहू लागले. शंभर टक्के बुडण्यापासून सुरू झालेला प्रवास इथे विषयाच्याही आत शिरला.

उत्तरपत्रिका पाहण्याच्या हक्कालाही असाच वेळ लागला. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाचा ती न दाखवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये परितोष शेठ खटल्यात उचलून धरला. माहिती अधिकार कायद्याखाली ती मागता येते, हे त्याच न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केले. आपण कुठे चुकलो हे न पाहता पुन्हा परीक्षेला बसण्याची सक्ती तेव्हा कुठे सैल झाली.

2020 मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा रद्द करण्याचे ठरवले, तेव्हा राहिलेल्या विषयांचे काय, हा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. आधीच्या सत्रांची सरासरी काढायची, तर नापास विषयाला सरासरी कुठली? 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतरच्या शरद ऋतूत राज्यातल्या विद्यापीठांनी नियमित विषयांच्या आणि बॅकलॉगच्या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपात घेतल्या.