कोणतं कंधार?

“कंधारचे? म्हणजे अफगाणिस्तानातले?” डिसेंबर १९९९ मधल्या विमान अपहरणानंतर नांदेड जिल्ह्याबाहेर गावाचं नाव सांगितलं, की हा प्रश्न ठरलेला. मी शाहजहानची गोष्ट सांगतो. १६३१ मध्ये त्याच्या फौजेनं आमचा भुईकोट निजामशाहीकडून घेतला. १६३८ मध्ये अफगाणी कंदाहारही त्याला मिळालं. ते १६४९ मध्ये इराणनं हिसकावलं.

आमच्या गावाचा इतिहास मात्र शाहजहानच्या कितीतरी आधीचा. लातूरला आपलं मूळ गाव मानणाऱ्या राष्ट्रकूटांपैकी तिसऱ्या कृष्णाचा दहाव्या शतकातला शिलालेख इथंच सापडला. या सुट्टीत मुलांना घेऊन किल्ल्याच्या खंदकाकाठी उभे राहा. मग ‘कोणतं कंधार’ असं कुणी विचारलं, तर उत्तर मुलंच देतील.