जुआँव कुतिलेरो आणि पोर्तुगालमधील वीरप्रतिमेचा भंग

सालाझारप्रणीत राजवटीने पोर्तुगालमध्ये शिल्पकलेला साम्राज्यगौरवाचे साधन बनविले. लिओपोल्दो द आल्मैदा यांची शिल्पे असलेले लिस्बनचे सागरी शोधयात्रांचे स्मारक (१९६०) हे त्याचे ठळक उदाहरण होय. जुआँव कुतिलेरो (१९३७-२०२१) यांनी हा संकेत मोडला. यांत्रिक हत्यारांनी संगमरवर कापून त्यांनी १९७३ मध्ये लागुश येथे राजा सेबाश्तियांवचा पुतळा साकारला. १५७८ मध्ये मोरोक्कोतील लढाईत कामी आलेला हा तरुण राजा परत येईल, अशी लोकश्रद्धा होती. कुतिलेरोंनी मात्र शिरस्त्राण पायाशी असलेला, भांबावलेला किशोर घडविला. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १९७४ रोजी, ती राजवट कोसळली. पुतळ्याने क्रांती घडविली नाही. परंतु अधिकृत वीरपूजेतील पोकळपणा आधीच दृश्यमान केला. यातच त्याचे ऐतिहासिक महत्त्व सामावले आहे.